कर्वे रोडपासून जंगली महाराज रस्त्यापर्यंत: सायकल आणि गाड्यांची रोजची भांडणं

डेक्कनपार

रोज कर्वे पुतळ्यापासून शिवाजीनगरला सायकलने ऑफिसला जाते. मागून हॉर्न वाजतो, काच खाली होते आणि कुणीतरी ओरडतं, "कडेने चालवा ना!" कडेला काय असतं ते गाडीत बसून दिसत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

डांबर संपतं तिथे पेव्हर ब्लॉक सुरू होतात, आणि दोन्हींच्या मध्ये एक फट असते. पातळ टायर त्या फटीत गेला की हँडल आपल्या ताब्यात राहत नाही. पाऊस संपला की कडेला बारीक खडी साचते. थोड्या थोड्या अंतरावर चेंबरची झाकणं आहेत. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि झाकणं होती तिथेच राहिली, त्यामुळे काही झाकणं चांगली वीतभर खाली आहेत. जिथे हे काही नसतं तिथे गाड्या लावलेल्या असतात. त्यांच्यातल्या कुठल्या गाडीचं दार कधी उघडेल याचा नेम नाही, आणि उघडलेलं दार मीटरभर तरी बाहेर येतं. म्हणून मी लावलेल्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवते. मागच्या माणसाला वाटतं, ही बाई मुद्दाम रस्त्याच्या मध्ये चालवते आहे.

माझं निरीक्षण असं आहे की ही भांडणं ठरलेल्या जागी होतात. बस डावीकडे स्टॉपला घेते तिथे, गाडी सायकलच्या पुढे जाऊन लगेच डावीकडे वळते तिथे, पुलाखाली रस्ता अरुंद होतो तिथे (नळस्टॉपचा दुमजली पूल रोज जाणाऱ्यांना सांगायला नको), एकेरी रस्त्याच्या तोंडाशी, आणि सायकल ट्रॅक अचानक संपतो तिथे. माणसं रोज वेगळी आणि जागा मात्र त्याच, म्हणजे दोष नुसत्या स्वभावाचा नसणार.

तुमच्याकडे कुठे होतं असं? गाडी चालवणाऱ्यांनीही लिहा. तुम्हाला सायकलवाल्यांचा कशाने त्रास होतो ते मला खरंच समजून घ्यायचं आहे.

स्टेअरिंगवाला

विचारलंत म्हणून लिहितो. धायरीहून स्वारगेटला रोज गाडीने येतो. सिंहगड रोडवर संध्याकाळी सातनंतर समोरून, उलट दिशेने, दिवा नसलेली सायकल येते. अंगात गडद शर्ट, समोरच्या वाहनांचे हेडलाइट माझ्या डोळ्यांवर, आणि माणूस दिसतो तो दहा पावलांवर आल्यावर. ब्रेक लागतो, पण छातीत जी धडधड होते ती घरी पोचेपर्यंत जात नाही. माझ्या हातून कुणी जाईल ही भीती मला रोज वाटते. त्या भीतीचंच मग ओरडणं होतं.

दुसरं रविवारचं. खडकवासल्याकडे सकाळी सायकलींचे गट निघतात. शेजारी-शेजारी तिघं-चौघं, गप्पा चाललेल्या, एखाद्याच्या दोन्ही कानात इअरफोन. हॉर्न दिला की हातवारे करतात. रस्ता सगळ्यांचा आहे हे मान्य, पण मग मागच्यालाही जाऊ द्यायला हवं.

तिसरं, सिग्नल. लाल असताना सायकल निघून जाते. आम्ही तोडला तर कॅमेरा चलन पाठवतो.

खडकीकर

मी आता सत्तरीच्या पुढे आहे. दारूगोळा कारखान्याची पाळी सुटायची तेव्हा फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि रस्ताभर घंट्या वाजायच्या. मोटार आली तर तीच थांबायची, कारण तिला जायला जागाच नसायची. पेठांमधून कॉलेजला जाणारी मुलं-मुली, डबे घेऊन निघालेले कामगार, दूधवाले, सगळे सायकलवर. ज्यांच्याकडे स्वतःची नव्हती ते तासावर भाड्याने घ्यायचे.

तेव्हा पोलीस सायकलवाल्यालाही धरत असत. रात्री दिवा नाही म्हणून आणि डबलसीट नेलं म्हणून. डायनामो बिघडला असेल तर आम्ही कोपऱ्यावर उतरून सायकल हातात धरून चालत जायचो. नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. सायकलवाला वाहतुकीतला माणूस आहे असं सरकार मानत होतं, म्हणून त्याला नियमही होते आणि रस्त्यात जागाही होती. 1972 मध्ये लुना आली, मग स्कुटरी घरोघरी झाल्या, आणि सायकल गरिबाची ठरली. गरिबाची ठरल्यावर तिची जागाही गेली आणि नियमही गेले. स्टेअरिंगवाल्यांची दिव्याबद्दलची तक्रार रास्त आहे. दिवा लागलाच पाहिजे.

उड्डाणपूल

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. मुख्य रस्त्यांवर सायकलला बंदी करावी. वेग जुळत नाही, त्यामुळे अपघात होणारच. आतल्या गल्ल्यांतून जा.

डेक्कनपार

@उड्डाणपूल, राग नाही. पण हा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. कोलकात्यात 2013 मध्ये पोलिसांनी बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर सायकली बंद केल्या. फटका कुणाला बसला? दूधवाले, पेपरवाले, मासळी विकणारे, छोटे फेरीवाले यांना. हौसेने सायकल चालवणारा दुसरा रस्ता शोधतो. ज्याच्या कॅरिअरला दुधाचे कॅन आहेत त्याचं गिऱ्हाईक मुख्य रस्त्यावरच असतं.

आतल्या गल्ल्यांचं म्हणाल तर कोथरूडमधून डेक्कनला यायला सलग आतला रस्ता नाही. कुठे ना कुठे कर्वे रोडवर किंवा पौड रोडवर यावंच लागतं. आणि गर्दीच्या वेळी वेग जुळत नाही हे तरी कितपत खरं? नळस्टॉपला संध्याकाळी मी ज्या गाडीच्या मागे असते तीच गाडी डेक्कनला माझ्या शेजारी उभी असते.

पासधारक

माझे वडील शहर बसवर ड्रायव्हर होते, निवृत्त झाले. सायकलवाल्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, कारण ते ही गोष्ट आम्हाला लहानपणी बसमध्ये बसवून दाखवायचे.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की डाव्या बाजूचा पुढचा कोपरा दिसत नाही. दाराच्या खांबापासून बंपरपर्यंतच्या जागेत सायकलसकट अख्खा माणूस मावतो, तो समोरच्या काचेतूनही दिसत नाही आणि डाव्या आरशातही दिसत नाही. वडील मला त्या जागी उभं करायचे, स्वतः सीटवर बसायचे आणि म्हणायचे, "हात वर कर." हात वर केला की बोटं तेवढी दिसायची. डंपर आणि सिमेंट मिक्सरला तर ही जागा याहून मोठी असते, कारण केबिन उंच असते.

आता स्टॉपवरचं. बसला डावीकडे घ्यायचं असतं, पण स्टॉपसमोर रिक्षा उभ्या असतात, म्हणून बस तिरकी उभी राहते. डावीकडे कडेपर्यंत फट उरते. मागून येणारा सायकलवाला त्या फटीतून पुढे जायला बघतो. त्याच वेळी उतारू उतरत असतात आणि बस निघायच्या बेतात असते. यात ड्रायव्हरला वेळापत्रक गाठायचं असतं, सायकलवाल्याला थांबायचं नसतं, आणि रिक्षावाल्याला उभं राहायला दुसरी जागा नसते. तिघांपैकी कुणीही वाईट वागत नसतं आणि तरी माणूस चाकाखाली येतो.

थांबलेल्या बसच्या किंवा ट्रकच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नका. मागे थांबा. अर्धा मिनिट जाईल. सिग्नलला अवजड गाडीच्या शेजारी उभे राहू नका, एकतर पूर्ण पुढे जाऊन ड्रायव्हरला दिसाल असे उभे राहा, नाहीतर पूर्ण मागे. आणि ड्रायव्हर मंडळींनो, सायकलला ओलांडून लगेच डावीकडे वळायचं असेल तर ओलांडूच नका, तिच्या मागून वळा.

काळा_डगला

वकील आहे, मोटार अपघात दाव्यांचं काम करतो. या चर्चेत उपयोगी पडेल तेवढं सांगतो.

सायकल हे मोटार वाहन नाही, त्यामुळे तिला लायसन्स, विमा, नोंदणी काही लागत नाही. म्हणून "सायकलवाल्याला कायदाच नाही" असं लोक समजतात, ते चूक आहे. बेदरकारपणे वाहन हाकण्याचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं 281, जुन्या दंड संहितेचं 279, हे कुठल्याही वाहनाला लागू होतं. उलट दिशेने सुसाट येऊन पादचाऱ्याला पाडलं तर सायकलस्वारावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि सायकलला विमा नसल्यामुळे भरपाई त्याच्या खिशातून जाते.

दुसऱ्या बाजूने, 2017 ची मोटार वाहन चालवण्याची विनियमावली लायसन्सधारकांनी एकदा वाचावी. पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेणं हे चालकाचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलेलं आहे. किती अंतर ठेवून ओलांडायचं याचा मीटरमध्ये आकडा मात्र आपल्याकडे नाही. जर्मनीत 2020 पासून शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असं नेमकं लिहिलेलं आहे. आकडा असला की कोर्टात वाद कमी होतो.

अपघात झालाच तर सायकलस्वाराने किंवा त्याच्या घरच्यांनी मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा. गाडी पळून गेली आणि सापडली नाही तरी भरपाई आहे: 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार. घरकाम करणाऱ्या बाया, वॉचमन, मजूर यांच्यापर्यंत ही माहिती पोचतच नाही आणि मुदत निघून जाते. आणि जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, त्याच्यामागे पोलीस ससेमिरा लावू शकत नाहीत. तेव्हा थांबा, मदत करा.

स्टेअरिंगवाला

@काळा_डगला, एक सरळ प्रश्न. दिवा नाही, उलट दिशा, रात्र. गाडीवाल्याची चूक काय?

काळा_डगला

दाव्यात दोघांच्या निष्काळजीपणाचं प्रमाण ठरतं. सायकलस्वाराचा हिस्सा जितका, तितकी त्याची भरपाई कमी होते. पण न्यायाधिकरण गाडीचा वेगही बघतं. "दिसला नाही" एवढ्याने चालक सुटत नाही. हेडलाइटच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, असा विचार होतो.

कालव्याकाठी

आइंडहोवनहून लिहिते आहे. मूळची सदाशिव पेठेतली, नोकरीनिमित्त इथे आले. इथलं ऐकून "नेदरलँड्सचं काय सांगता, ती माणसंच वेगळी" असं पुण्यातले नातेवाईक म्हणतात. माणसं वेगळी नव्हती. 1971 मध्ये या छोट्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक लहान मुलं होती. आया-बाप रस्त्यावर उतरले, मुलांचे खून थांबवा अशी घोषणा देत. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं एकेक चौक, एकेक रस्ता बदलत गेला.

डेक्कनपार यांनी एकेरी रस्त्याचा उल्लेख केला आहे, त्यावर थोडं. इथे "प्रवेश बंद" पाटीच्या खाली बहुतेक ठिकाणी आणखी एक छोटी पाटी असते: सायकली वगळून. म्हणजे एकेरी रस्ता गाड्यांसाठी एकेरी, सायकलीसाठी दुहेरी. गाडीला दीड किलोमीटरचा वळसा पडला तर पाय किंचित जास्त दाबायचा, सायकलवाल्याला तोच वळसा मांड्यांनी आणि घामाने भरावा लागतो, तोही चढावर. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी केले तेव्हा गाड्यांचा विचार झाला. सायकलवाला उलट का येतो याचं उत्तर पुष्कळ अंशी तिथे आहे. तो नियम मोडतो हे खरंच, पण नियम करताना तो हिशेबात नव्हता हेही खरं.

इथल्या कायद्यात गाडी आणि सायकल यांच्या टकरीत जबाबदारी मुळात गाडीवाल्याची धरतात, चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ पूर्णच. त्याचवेळी सायकलला दिवा नसेल तर दंड होतो, आणि 2019 पासून सायकल चालवताना फोन हातात धरला तरी दंड होतो. सायकलवाल्यांना मोकळं सोडलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकत्र चालतात.

कलानगर_सिग्नल

मुंबईची भर घालतो. वांद्रे-कुर्ला संकुलात कोट्यवधी खर्चून सायकल ट्रॅक केला होता. तो थेट स्टेशनपर्यंत पोचतच नव्हता. वांद्र्याला लोकलमधून उतरलेला माणूस तिथपर्यंत सायकलने जाणार कसा? मग ट्रॅकवर गाड्या लागायला लागल्या. लोक म्हणतात वापर नव्हता म्हणून पार्किंग झालं. माझ्या मते तो कुठून कुठे जातो हेच ठरलेलं नव्हतं.

डेक्कनपार

@कलानगर_सिग्नल, पुण्यात नेमकं हेच. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला, शेकडो किलोमीटरच्या जाळ्याचा. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली आल्या, पिवळ्या, केशरी, हिरव्या. दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) सातारा रस्त्याला आणि सोलापूर रस्त्याला ट्रॅक झाले होते, तिथे आज चालून बघा: ट्रान्सफॉर्मर, बसस्टॉपची पाठ, खांब, मग चढायला उंच कठडा आणि पुढे दुकानाची पायरी. सायकल दर पन्नास पावलांवर उचलून घ्यावी लागत असेल तर कुणीही रस्त्यावरच चालवणार. आणि मग गाडीवाला विचारणार, "तुम्हाला ट्रॅक दिलाय ना?" या एका प्रश्नाने माझी सगळ्यात जास्त चिडचिड होते, कारण विचारणाऱ्याचा काही दोष नसतो. त्याला गाडीतून लाल रंगाचा पट्टा दिसतो, पायरी दिसत नाही.

रात्रपाळी

इथे बहुतेक जण आपल्यासारख्यांबद्दल बोलतायत, हेल्मेट घालणाऱ्यांबद्दल. मी बाणेरच्या एका सोसायटीच्या कमिटीत आहे. आमचे वॉचमन, गाड्या पुसणारी मुलं, पहाटे पेपर टाकणारा मुलगा, सगळे सायकलवर येतात. ते कुठल्याही सायकल क्लबात नाहीत आणि हा धागा वाचणार नाहीत. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यात सायकलस्वार साधारण तीन टक्के. ते कोण असतील याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. रात्रीची पाळी संपवून हायवेच्या सर्व्हिस रोडने घरी निघालेला माणूस आधी डोळ्यांसमोर येतो.

आमच्या एका वॉचमनची जुनी काळी सायकल. मागच्या मडगार्डवर कधीकाळी लाल रिफ्लेक्टर होता, आता फक्त स्क्रूचं भोक. आम्ही मीटिंगमध्ये ठराव करून सोसायटीत येणाऱ्या प्रत्येक सायकलला मागचा लाल दिवा आणि चकाकणारी टेप लावून दिली. मडगार्डला, पॅडलला आणि पुढच्या दांडीला. पॅडलवरची टेप सगळ्यात चांगली दिसते, कारण ती वरखाली हलते, आणि हलणाऱ्या वस्तूकडे नजर लगेच जाते. एका सायकलचा खर्च दोन-अडीचशेच्या आत. वॉचमन आधी संकोचले, त्यांना वाटलं पगारातून कापणार. तसं नाही म्हटल्यावर एकाने विचारलं, भावाच्या सायकलला पण लावाल का.

स्टेअरिंगवाले, तुम्हाला धायरीत समोरून येणारा माणूस बहुधा असाच कुणीतरी आहे. त्याला उलट यायची हौस नाही. दुभाजकातली पुढची फट लांब आहे आणि पाळीवर उशिरा पोचलं तर अर्धा दिवस कापतात.

स्टेअरिंगवाला

@रात्रपाळी, हे पटलं. टेपचं आमच्या सोसायटीतही करता येईल. टेप कुठली घेतलीत? साधी चमकणारी की ट्रकच्या मागे असते ती?

रविवारच्या गटांबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे. त्यांना दिवा परवडतो, नियमही माहीत असतात. तरी तिघांनी शेजारी चालवणं चालू असतं.

रात्रपाळी

ट्रकवाली. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, लाल आणि पांढरी दोन्ही. साधी चमकणारी पावसात निघते. लावायच्या आधी मडगार्ड रॉकेलने पुसून कोरडं करा.

मुळशीघाट

रविवारच्या गटात मी असतो. तक्रार रास्त आहे. आमच्यात आता घाट सोडला तर एका रांगेत चालायचं ठरलंय, आणि शेवटच्या माणसाने मागे गाडी आली की ओरडून सांगायचं. इअरफोन घातला तर गटातून घरी पाठवतो. बाकीच्या गटांनीही करावं. एक विनंती गाडीवाल्यांना: घाटात चढावर सायकलला हॉर्न देऊ नका. दचकून हँडल हललं तर सायकल तुमच्याच बाजूला येते. थोडं थांबा, आम्ही जागा बघून हाताने खूण करतो.

उड्डाणपूल

बंदीचं मत मी मागे घेत नाही, निदान उड्डाणपुलांपुरतं तरी. विद्यापीठ चौकातल्या पुलावर सायकल बघितली की अंगावर काटा येतो. पण एकेरी रस्त्यावर उलट दिशेचा सायकल पट्टा द्यायला माझी हरकत नाही. मध्ये कठडा हवा, नुसता रंग नको. रंगावर दुचाक्या घुसतात.

डेक्कनपार

पुलाबाबत मी तुमच्याशी सहमत आहे, फक्त पुलाखालून सायकलला सरळ रस्ता ठेवायला हवा. आज तिथे तीन सिग्नल आणि दोन वळसे आहेत. आणि कठड्याबद्दल शंभर टक्के.

आता कामाचं. महापालिकेत 2006 पासून नागरिकांचं सहभागी अंदाजपत्रक आहे. आपल्या भागातली छोटी कामं क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवता येतात. बहुतेक लोक बाक आणि नामफलक सुचवतात. मला यंदा तीन कामं सुचवायची आहेत. कर्वे रोडच्या डाव्या कडेची खचलेली चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आणणं, गटारांवरच्या जाळ्यांचे गज रस्त्याला आडवे बसवणं, म्हणजे टायर त्यात अडकणार नाही, आणि बसस्टॉपच्या आधी रिक्षांसाठी वेगळी जागा आखणं, जेणेकरून पासधारकांनी लिहिलेली ती तिरकी बस सरळ उभी राहील. एकेरी रस्त्यावरच्या "सायकली वगळून" पाटीसाठी महापालिका पुरत नाही, वाहतूक शाखेचा आदेश लागतो. तो अर्ज वेगळा करावा लागेल. काळा_डगला, मसुदा बघून द्याल का?

झाकणांचे फोटो काढताना शेजारी फूटपट्टी किंवा पाण्याची बाटली ठेवा, खोली कळते. जवळच्या दुकानाचं नाव आणि रस्त्याची बाजू लिहा. नुसता खड्ड्याचा फोटो दिला तर कनिष्ठ अभियंता विचारतो, हे नेमकं कुठे?

काळा_डगला

पाठवा. विनियमावलीतलं कर्तव्याचं वाक्य अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात घालू.

स्टेअरिंगवाला

सिंहगड रोडची बाजू माझ्याकडे. राजाराम पुलापासून पुढे धायरी फाट्यापर्यंत शनिवारी सकाळी चालत जाऊन फोटो काढतो, दुभाजकातल्या फटींमधलं अंतरही मोजतो. सोबत कुणी येणार असेल तर सांगा, एकाने फोटो आणि एकाने मागची वाहतूक बघायला हवी.

पासधारक

मी येतो. सातला राजाराम पुलाच्या बसस्टॉपवर.